बुंदीचं बिल : सेलूतल्या एका घराचा हिशोब

भाचीनं खताच्या कंपनीची छापील पिशवी दिवाणावर उलटी केली आणि पावत्यांचा ढीग पडला. मेडिकलच्या पुसट होत चाललेल्या पट्ट्या, गाडीवाल्यानं वहीच्या कागदावर लिहून दिलेले आकडे, परभणीच्या दवाखान्याचं छापील बिल, बचत गटाच्या पासबुकाची झेरॉक्स. "मामा, एवढे पैसे गेले कुठं तेवढं मांडून द्या. ह्यांना वाटायलंय मी काहीतरी लपवायलेय."

जावईबापूंच्या अंदाजानं चाळीस हजार गेले होते. भाचीच्या मते पंचवीस. सासूबाईंचं म्हणणं, एका कुत्रीपायी घर धुऊन निघालं. मी एकतीस वर्षं पतसंस्थेत हिशोब लिहिले. पावत्या दिसल्या की हात आपोआप पेन शोधतो. दोन संध्याकाळ बसून आकडा निघाला तो ३४,९६५ रुपये. तो कसा झाला, त्यातला कुठला रुपया टळला असता आणि कुठला काही केलं तरी टळला नसता, हे भाचीसाठी लिहून काढलं. तिनंच म्हटलं, इतरांनाही वाचू द्या.

घर आणि घराचा पैसा

सेलूत, परभणी जिल्ह्यात, त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. घरात चौघं: भाची, जावईबापू, सासूबाई आणि नववीतला मुलगा. पाचवी बुंदी. लॅब्राडोर, फिकट पिवळी, बुंदीच्या लाडवाच्या रंगाची, वजन २९ किलो, वय सहा.

या घराचा पैसा पगारासारखा दर महिन्याला येत नाही, हे आधी ध्यानात घ्यावं लागतं. जून-जुलैत बियाणं आणि खत दुकानातून जातं ते बहुतेक उधारीवर. कंपनीला मात्र आधी मोजावे लागतात. वसुली होते सोयाबीन बाजारात गेल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, आणि उरलीसुरली हरभरा-तुरीवर, फेब्रुवारी-मार्चात. गोदाम भरलेलं आणि गल्ला रिकामा अशी जुलैची अवस्था. 'दर महिन्याला हजार रुपये बाजूला टाका' हा सल्ला नोकरदाराला ठीक. या दुकानाला जुलैत हजार बाजूला टाकायला सांगणं म्हणजे विहीर आटल्यावर मोटार बसवायला सांगणं.

बुंदीवरचा नेहमीचा खर्च मी आधी वेगळा काढला, कारण आजारपणाच्या बिलात तो मिसळला की काहीच कळत नाही. गेल्या वर्षीच्या पावत्यांवरून: वर्षातून एकदा नाइन-इन-वन (अनेक रोगांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस, दोन्ही मिळून १,२००. जंताच्या गोळ्या दर तीन महिन्यांनी, वजनाप्रमाणे एका वेळी तीन, वर्षाचे ६००. गोचिडांसाठी औषध आणि गळ्यातला पट्टा मिळून २,४००. दोनदा नुसती तपासणी, ६००. कान, पोट, पाय असल्या बारीकसारीक तक्रारींचे २,०००. एकूण ६,८००. खाण्याचा खर्च यात नाही.

गोचिडांच्या ओळीवर जावईबापूंनी बोट ठेवलं होतं, 'हे कशाला एवढं?' म्हणून. आपल्याकडच्या उन्हात गोचीड वर्षाचे बाराही महिने तग धरते, आणि तिच्या चाव्यातून येणाऱ्या तापात रक्तातले प्लेटलेट घसरतात, कधी नाकातून रक्त येतं. मग रक्ततपासण्या आणि चार-चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. ती ओळ मी तशीच ठेवली.

तीन वर्षांपूर्वीचा एक कागद

ढिगाच्या तळाशी दुमडलेला एक कागद सापडला. परभणीतल्या एका खासगी पशुवैद्यकानं तीन वर्षांपूर्वी लिहून दिलेला अंदाज: नसबंदी, भूल-औषधं-टाके सगळं धरून ६,५००. त्याखाली भाचीच्या अक्षरात 'दिवाळीनंतर' असं लिहिलेलं.

ती दिवाळी आली आणि गेली. सासूबाई म्हणाल्या, एकदा तरी आई होऊ द्या तिला. एक वेत झाल्यानं कुत्रीची तब्येत चांगली राहते असा समज आपल्याकडे घट्ट आहे; वैद्यकात त्याला आधार नाही. जावईबापूंना पिल्लं विकली जातील अशीही थोडी आशा होती, ते कबूल करत नाहीत इतकंच. शेवटी ना वेत झालं ना ऑपरेशन. मधला मार्ग कुणीतरी सुचवला: हीटवर, म्हणजे माजावर, येऊ नये म्हणून वर्षातून दोनदा इंजेक्शन, २५० रुपयांना एक. आजूबाजूच्या गुरांना सुया टोचत फिरणारा एक जण घरी येऊन देऊन जायचा. दोन वर्षांत चार इंजेक्शनं, हजार रुपये. साडेसहा हजारांचं काम हजारात भागलं, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. मलाही कुणी विचारलं असतं तर मीही मान डोलावली असती.

या इंजेक्शनात जे संप्रेरक (हार्मोन) असतं ते गर्भाशयाचं अस्तर फुगवतं. कुत्रीच्या शरीरात हीटनंतर दोनेक महिने तसंही हे चालू असतं, गाभण असो वा नसो. अस्तर जाड होतं, तोंड आवळतं, तिथली रोगप्रतिकारशक्ती मंदावते, आणि हीटच्या दिवसांत खालून वर गेलेले जंतू आत अडकले तर गर्भाशयात पू भरू लागतो. याला पायोमेट्रा म्हणतात. बाहेरून दिलेल्या संप्रेरकानं हा धोका वाढतो. पुवातलं विष मूत्रपिंडापर्यंत पोचतं, लघवी घट्ट करण्याची त्याची ताकद जाते, म्हणून कुत्री भराभर पाणी पिते आणि भराभर लघवीला जाते.

यंदाचं इंजेक्शन चुकलं होतं. मे महिन्यात बुंदी हीटवर आली. आषाढी एकादशी चार दिवसांवर असताना तिनं खाणं सोडलं.

चार दिवस

पाणी पिण्याचं आधी मुलाच्या लक्षात आलं. ओसरीवर बुंदीचं स्टीलचं घमेलं असतं, एरवी सकाळ-संध्याकाळ भरायचं. त्या आठवड्यात तो दिवसातून पाच वेळा भरत होता. "आजी, हिला तहानच तहान लागायलीय," असं त्यानं दोनदा सांगितलं. पाऊस ओढून धरला होता, उकाडा होता, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. फरशीवर ती बसून उठली की पांढरट-पिवळा, चिकट डाग राहायचा. सासूबाई फडक्यानं पुसून घ्यायच्या. तहान आणि हा डाग, दोन्ही एकाच आजाराची लक्षणं होती, पण एक दिसलं नातवाला आणि दुसरं आजीला, आणि दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही.

गुरुवारी उलटी झाली. मेडिकलमधून उलटीचं आणि पित्ताचं औषध, ८५ रुपये. संध्याकाळी तोच इंजेक्शनवाला आला, सलाइन लावलं, ताकदीचं म्हणून एक सुई दिली, ६००. शुक्रवारी पुन्हा ६००. शनिवारी पुन्हा ६०० आणि वर १५० ची औषधं. सलाइन चढलं की तासभर डोळे उघडे ठेवायची, म्हणून 'फरक पडायलाय' असं वाटायचं. तीन दिवसांत २,०३५ रुपये गेले आणि तिला नक्की काय झालंय हे शोधायला एक रुपयाही खर्च झाला नाही.

रविवारी दुपारी ती उठेना झाली. भाचीनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज बसला होता. "मामा, हिचं पोट नगाऱ्यासारखं झालंय. ह्यांचा जीव दुकानात अडकलाय, बियाण्याची गाडी यायलीय." मी एवढंच म्हटलं, गाडी उद्याही येईल.

सेलूत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, पण रविवारची दुपार, आणि सोनोग्राफी लागली तर परभणीच गाठावी लागणार. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी अशा शिकवण्याच्या दवाखान्यात खर्च साधारण कमी येतो, मात्र त्यांच्या वेळेनं आणि नंबरानं जावं लागतं. इथं वेळच उरला नव्हता. ओळखीच्या ओळखीतून एका खासगी दवाखान्याचा नंबर मिळाला, भाड्याची गाडी ठरली आणि साडेपाचला ते परभणीत पोचले.

रक्तात पांढऱ्या पेशी ३८,००० निघाल्या. साधारणपणे १७,००० च्या आत असायला हव्यात. मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन २.३, तेही वाढलेलं. सोनोग्राफीत गर्भाशयाची दोन्ही शिंगं, म्हणजे नळीसारख्या दोन शाखा, पुवानं भरलेली. डॉक्टरांनी भाचीला पडद्यावर दाखवलं. काळ्या रंगात सॉसेजसारखं काहीतरी होतं, असं तिनं मला सांगितलं. सॉसेज तिनं कधी खाल्लेलं नाही, टीव्हीवर बघितलंय.

जावईबापूंनी विचारलं, "डॉक्टर, औषधावर नाही का भागणार?" डॉक्टरांनी नीट उत्तर दिलं. औषधानं गर्भाशय रिकामं करण्याचा प्रयत्न करतात, पण तो मुख्यतः जिच्यापासून पुढं पिल्लं हवीत अशा तरण्या कुत्रीत आणि तब्येत बरी असेल तर. तेव्हाही पुढच्या हीटनंतर तेच पुन्हा होण्याची भीती राहते. बुंदीच्या बाबतीत गर्भाशय आणि अंडाशय काढणं हाच मार्ग. मात्र रात्रीच कापायचं नाही. आधी रात्रभर सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन शरीर सावरायचं, सकाळी ऑपरेशन.

मग भाचीनं एक प्रश्न विचारला. या प्रकरणातला सगळ्यात किमती प्रश्न तोच, असं माझं मत आहे: "सगळं मिळून कुठून कुठपर्यंत जाईल, लिहून देता का?" डॉक्टरांनी पॅडवर लिहिलं: २२ ते २७ हजार, आता १० हजार भरा. खिशात रोख ३,२०० होते. उरलेले ६,८०० दुकानाच्या खात्यातून फोनवरून गेले, म्हणजे बियाण्याच्या गाडीचे पैसे कमी पडले. बाकीच्यासाठी सोमवारी सकाळी भाचीनं बचत गटातून १५,००० उचलले, महिना दोन टक्क्यांनी.

बिल, ओळीनं

तपासणी, रविवार आणि वेळेबाहेर : ८००
रक्त, मूत्रपिंड-यकृतासकट : १,७००
सोनोग्राफी : १,२००
पहिल्या रात्रीचं सलाइन, इंजेक्शनं : २,४००
शस्त्रक्रिया : ९,०००
भूल आणि भुलीची औषधं : ३,०००
टाक्यांचे धागे, ग्लोव्हज, ड्रिपचं सामान : १,६५०
दाखल, तीन रात्री ७०० प्रमाणे : २,१००
रक्त पुन्हा : ९००
गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर : ४५०
घरी न्यायची औषधं (ही मेडिकलची पावती, पण उपचारातच धरली) : १,४८०
एकूण : २४,६८०

दवाखान्याबाहेर: इंजेक्शनवाला आणि सुरुवातीची औषधं २,०३५, गाडीच्या तीन खेपा १,८०० प्रमाणे ५,४००, जावईबापू परभणीत दोन रात्री लॉजवर राहिले, जेवणासकट १,३५०. हे ८,७८५. बचत गटाचे पैसे डिसेंबरात फिटले, पाच महिन्यांचं व्याज १,५००. सगळं मिळून ३४,९६५. दुकान दोन दिवस पोरावर सोडलं त्याचा हिशोब मी धरला नाही, कारण त्याची पावती नाही.

जावईबापूंचा राग होता तो डॉक्टरांच्या नऊ हजारांवर. तासा-दीड तासाचे नऊ हजार! मी त्यांना इतकंच विचारलं, तुमच्या दुकानात औषधाच्या बाटलीवर किंमत छापलेली असते, तुमच्या सल्ल्याची किंमत कुठं छापलीय? पुवानं ताणलेलं गर्भाशय आत न फोडता बाहेर काढायचं, तेही मूत्रपिंड दमलेल्या कुत्रीला भूल देऊन. निरोगी कुत्रीच्या नसबंदीशी त्याची बरोबरी होत नाही. बिलात उपचाराच्या सेवेवर जीएसटी लावलेला नव्हता आणि ते बरोबरच होतं. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेला तो माफ आहे. दुकानात विकत मिळणाऱ्या औषधांना आणि पिशवीतल्या खाण्याला मात्र लागतो. आणि कुणी विचारायच्या आधी सांगतो, कुत्र्याचं बिल आयकरातल्या आरोग्य विम्याच्या आणि औषधोपचाराच्या वजावटीत बसत नाही. भाचीनं विचारलं होतं.

आता टळण्याजोगं काय होतं ते. गुरुवारीच पदवीधर, पशुवैद्यक परिषदेकडे नोंद असलेल्या पशुवैद्यकाकडे नेलं असतं तर २,०३५ वाचले असते. रविवारची जादा फी ५००, एखादी रात्र ७०० आणि दुसऱ्यांदा रक्त तपासायचे ९०० बहुधा लागले नसते. म्हणजे तीन दिवसांच्या उशिराची रोख किंमत चार हजारांच्या थोडी वर. वाटलं होतं त्यापेक्षा कमी निघाली, पण हा रुपयांचा हिशोब आहे. क्रिएटिनिन चारवर गेलं असतं तर मांडायला वही लागली नसती. लॉजचे पैसे निव्वळ वाया गेले, दवाखान्याला रात्री सोबत माणूस नकोच होता. गाडीची तिसरी खेप टाके काढायला झाली, अकराव्या दिवशी. टाके सेलूच्या सरकारी दवाखान्यात काढून चालले असते, हे डॉक्टरांनी नंतर फोनवर सांगितलं. कुणी विचारलंच नव्हतं, १,८०० गेले.

विचारल्यानं वाचलेलेही आहेत. घरची औषधं लिहिताना भाचीनं विचारलं, हीच मेडिकलात मिळतात का. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड हे अँटिबायोटिक माणसांनाही देतात. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ६२५ ची गोळी दिवसातून दोनदा अशी चिठ्ठी लिहून दिली आणि दवाखान्यातल्या प्राण्यांच्या ब्रँडपेक्षा स्वस्तात काम झालं. हे चिठ्ठीवर लिहून घेतलं म्हणून ठीक. याच वाटेनं पुढं जाऊन घरातली डोकेदुखीची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला देणारी माणसं मी पाहिली आहेत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात, आणि मांजरीला पॅरासिटामॉलची एक गोळी जीवघेणी होऊ शकते. दहा रुपये वाचवायला जाऊन दहा हजारांचं बिल येतं ते असं.

चौथी रात्रही टळली. डॉक्टर म्हणाले होते, स्वतःहून खाल्लं की न्या. मंगळवारी संध्याकाळी भाचीनं दहीभात कालवून नेला. बुंदीनं दोनदा तोंड फिरवलं, मग भाचीची बोटं चाटली, मग बोटांना लागलेला भात, मग वाटी. दुसऱ्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.३ आलं आणि बुधवारी तिला घरी आणलं.

तीन वर्षांपूर्वी केलं असतं तर

नसबंदीचे ६,५००, गाडीचे १,८००. ८,३०० रुपयांत विषय संपला असता. गेले ३४,९६५, चौपटीच्या वर. इथंच थांबून 'बघा, तेव्हा केलं असतं तर' म्हणणं सोपं आहे, आणि भाचीच्या घरात हे वाक्य चारही तोंडांनी म्हणून झालंय. पण हिशोबनिसाला ते पटत नाही. नसबंदी न केलेल्या प्रत्येक कुत्रीला पायोमेट्रा होत नाही.

याचा अंदाज स्वीडनमधून मिळतो. तिथं बहुतेक कुत्र्यांचा विमा असतो आणि सरसकट नसबंदीची पद्धत नाही, त्यामुळे विम्याच्या नोंदींतून दिसतं की दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चार-पाचातल्या एका कुत्रीला हा आजार होतो. पस्तीस हजारांच्या खर्चाची शक्यता पाचात एक धरली तर त्याचं सरासरी ओझं, म्हणजे त्या रकमेचा पाचवा भाग, सात हजार. चारात एक धरली तर पावणेनऊ हजार. नसबंदीचे ८,३०० बरोबर या दोहोंच्या मध्ये बसतात. म्हणजे नुसत्या आकड्यांनी बघितलं तर पारडं जवळजवळ समान! इंजेक्शनांनी धोका वाढवला होता, त्यामुळे बुंदीचं पारडं थोडं झुकलेलं होतं एवढंच. मला स्वतःला हा निकाल बघून चुकल्यासारखं वाटलं. मी दोनदा मांडून पाहिला.

मग फरक पडतो कुठं? तारखेत. नसबंदीची तारीख तुम्ही ठरवता. नोव्हेंबरात, सोयाबीनची वसुली झाल्यावर, मंगळवारी सकाळी उपाशीपोटी न्यायची, संध्याकाळी आणायची. पायोमेट्रा तारीख विचारत नाही, तो हीटनंतर दीड-दोन महिन्यांनी येतो. बुंदीची हीट मे मध्ये, आणि दुकानाचा पैसा जुलैत जमिनीत. ८,३०० रुपये नोव्हेंबरात या घराला जड नव्हते. २४,६८० जुलैत इतके जड झाले की त्यासाठी बियाण्याची गाडी अडली, कर्ज काढावं लागलं, नवरा-बायकोत अबोला झाला. याच घराकडे डिसेंबरात हेच बिल आलं असतं तर कुणी माझ्याकडे पिशवी घेऊन आलं नसतं.

खातं

भाचीसाठी जे ठरवलं त्यात दोन भाग. नेहमीचे ६,८०० वर्षाला. त्यातलं ठरवून करण्यासारखं सगळं नोव्हेंबरात आणलं. लस पूर्वी जूनमध्ये यायची. ती एकदा नोव्हेंबरात, म्हणजे मुदतीच्या आधीच, देऊन टाकली, डॉक्टरांना विचारून.

दुसरा भाग अचानकच्या खर्चाचा, लक्ष्य २५,०००. हा आकडा हवेतून आणला नाही, बुंदीचं बिलच तो आहे. दर महिन्याला काही नाही. सोयाबीनच्या वसुलीतून एकदा, हरभऱ्याच्या वसुलीतून एकदा. दोन-अडीच वर्षांत भरेल. ठेवायचे कुठं? जावईबापू म्हणाले, मुदत ठेव करू, व्याज जास्त. ठेव फोनवरून मोडता आली नाही तर रविवारी संध्याकाळी साडेपाचला कोण मोडून देणार? म्हणून बँकेतलं साधं बचत खातं, भाचीच्या नावावर, फोनला जोडलेलं. पतसंस्थेत नको, हे पतसंस्थेत जन्म घालवलेला माणूस सांगतोय. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला आणि अनेक राज्यांत चालणाऱ्या मल्टिस्टेट सोसायटीला नसतं, आणि गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात लोकांनी कुठं कुठं रांगा लावल्या ते सगळ्यांना माहीत आहे.

विम्याचाही विचार झाला. कुत्र्यांचा विमा भारतात मिळतो. पण वयाची अट, सुरुवातीचे काही दिवस भरपाई नाही, आधीचा आजार वगळलेला, आणि बहुतेकदा आधी आपण भरायचं मग मागायचं. जुलैतल्या रिकाम्या गल्ल्याला 'आधी भरा' याचा उपयोग नाही. पिल्लू असताना घेतला असता तर वेगळी गोष्ट. सहाव्या वर्षी नको म्हटलं.

एक गोष्ट वहीत लिहायला जड गेली. २५ हजारांच्या वर गेलं तर काय? सासूबाई स्पष्ट बोलल्या, "एवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या. कुत्रीला किती घालायचे ते आजच ठरवा, तिथं गेल्यावर ठरत नसतं." मला त्यांचं म्हणणं कठोर वाटलं नाही. दवाखान्याच्या बाकावर, समोर जनावर धापा टाकत असताना माणूस कुठल्याही आकड्याला हो म्हणतो. भाची रडली, मग म्हणाली चाळीस. जावईबापू म्हणाले तीस. वहीत तीस लिहिलं आहे आणि त्याच्यापुढं भाचीनं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय.

पुढं काय झालं

डिसेंबरात बचत गटाचे १६,५०० फिटले. त्यामुळे पहिल्या वसुलीतून खात्यात पडले फक्त ५,०००. मार्चात हरभऱ्यावर ६,०००. दरम्यान पत्र्यानं बुंदीचा पाय कापला, १,१५० झाले, ते नेहमीच्या खर्चात बसले.

जूनमध्ये युरियाची गाडी आली आणि कंपनीला भरायला पैसे कमी पडले. जावईबापूंना खातं माहीत होतंच. सहा हजार निघाले. मला हे आठवड्यानं कळलं. मी रागावणार होतो, पण भाचीनं वही पुढं केली. बुंदीच्या पानावर, डाव्या बाजूला शिल्लक ५,०००. उजव्या बाजूला जावईबापूंच्या नावावर उधारी ६,०००, त्यांच्या सहीसकट, महिना दोन टक्के, बचत गटाच्याच दरानं.